पाहणीचा सोफा

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, "मावशी, तुमचं आयुष्य लग्नाच्या धंद्यात गेलं. आजच्या पोरापोरींना कसा जोडीदार पाहिजे, ते लिहा." मी म्हटलं, बाबा, मी लग्नं जुळवत नाही, मी खुर्च्या भाड्यानं देते. तर म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे, त्यामुळे शोभेचे शब्द माझ्याकडे नाहीत. जे पाहिलं ते सांगते. ते फार आनंदाचं नाही.

आमचं अकोल्यात बिछायत केंद्र आहे. वऱ्हाडाबाहेरच्या लोकांना हा शब्द कळत नाही, म्हणून सांगते. मंडप, सतरंज्या, गाद्या, खुर्च्या, मोठे गंज म्हणजे पातेली, कढया, ताटं, जे एका दिवसासाठी लागतं आणि घरात ठेवायला जागा नसते, ते सगळं आम्ही भाड्यानं देतो. लग्नाला तेच जातं आणि तेरवीलाही तेच जातं. मंगलाष्टकं म्हणणारे नेतात, त्रिशरण घेणारे नेतात, सतरंजी एकच असते. फरक एवढाच की लग्नातली सतरंजी अक्षता आणि भातासकट गुंडाळून परत येते आणि तेरवीतली नीट घडी घालून येते.

धंदा आमच्या मालकांनी सुरू केला. ते गेल्यावर मी चालवला. आता मुलगा पाहतो, मी गल्ल्यावर बसते आणि मला काही विचारलं नाही तरी बोलते.

लग्नसराई संपली की माल गोदामात पडून राहतो. त्या दिवसांत एक वेगळं काम येतं. त्याला आम्ही आपसांत 'पाहणी' म्हणतो. मुलीकडचे लोक मुलाचं घर पाहायला येणार असतात आणि घरात दाखवण्यासारखं काही नसतं. मग मुलाकडचे एका दिवसासाठी आमच्याकडून घर नेतात. घर म्हणजे भिंती सोडून बाकीचं.

मी या धंद्यात आले तेव्हा लोक पाण्याचे पितळी गुंड आणि दोन चांगले पलंग नेत. चुलीजवळ गुंड चकचकले की घर भरलेलं आहे असं समजत. मग लाकडी सोफा आणि कूलर जायला लागला. मग फ्रिज. मग कपडे धुण्याचं मशीन. त्याची नळी कुठेच जोडलेली नसायची, पण पाहुणा वाकून थोडाच पाहतो. एक मामा तर येऊन विचारत होता, "मावशी, बसाचा संडास भेटते का भाड्यानं? पोरीची अट हाये."

मी म्हटलं, "भेटते ना. पण पाहुणे बसून गेले तं वापस देतानी तूच धुवून देजो."

तो गेला तो पुन्हा आला नाही.

तर भाड्यानं काय जातं यावरून मला कळत गेलं की बाजारात काय मागतात. आणि पाहणीच्या घरी कानावर पडायचंच. पोरींची सगळ्यात जास्त ऐकलेली अट ही, की वावर, म्हणजे शेत, पाहिजे, पण वावरात जाणारा नवरा नको. नोकरी पक्की पाहिजे, पुण्यात असली तर बरं. सासू-सासरे असले तरी चालतील, पण गावाकडे. पोरांचंही काही कमी नाही. अमरावतीचा एक इंजिनियर माझ्यासमोर आईला सांगत होता, पोरगी मॉडर्न पाहिजे पण साधी पाहिजे, नोकरी करणारी पाहिजे पण घरी सगळ्यांचा डबा करून जाणारी पाहिजे. मी त्याच्या आईला विचारलं, "बाई, हा एक बायको मांगून राहिला का दोन?" ती बाई हसली नाही. पैसे मात्र तिनं वेळेवर दिले.

पोरींना दोष देणारे गावोगाव आहेत. पारावर बसतात आणि म्हणतात, पोरी शेफारल्या. मी म्हणत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मी नांदगाव खंडेश्वरला माहेरी होते. मला नवरा दाखवला नव्हता. सासरी घरची विहीर आहे, पाणी आणायला लांब जावं लागणार नाही, एवढंच सांगितलं होतं. विहीर होती. उन्हाळ्यात तिला पाणी नसतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. दाखवायची वस्तू दाखवतात आणि रिकामी बाजू झाकतात, ही रीत काही आजची नाही. आणि ज्या पोरीनं आपल्या मायला डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंधार पडता पडता घरी येताना पाहिलं, ती वावरात जाणारा नवरा कशाला मागेल? तिचं चुकत नाही. चुकत कोणाचंच नाही, आणि तरी सगळं बिघडत चाललं आहे. हेच मला आवडत नाही.

मूर्तिजापूरकडे एका घरी आमचा फ्रिज गेला होता. लग्न जमलं. पुढच्या उन्हाळ्यात एक नवी नवरी एकटीच दुकानात आली आणि म्हणाली, "माहा फ्रिज कुठी हाये?" मला वाटलं दुरुस्तीवाल्याचं दुकान समजून आली. ती म्हणाली, "मावशी, मी तुमाले ओयखते. घर पाह्याले आली तवा तुमी तिथंच होत्या. तोच फ्रिज पाहून मी हो म्हटलं होतं. आता दोन महिने भाड्यानं द्या. सासऱ्याची इन्सुलिन ठेवाची हाये." दिला. नेताना तिनं त्याच्या दारावर एक थापड मारली. फ्रिजला कशाला मारते, असं मी म्हटलं नाही. ज्याला मारायची त्याला मारता येत नसेल.

आता मंगेशचं सांगते. खरं म्हणजे त्याचंच सांगायचं होतं.

बार्शीटाकळीच्या पुढे एक लहान गाव आहे. तिथून एक मामा पाहणीसाठी सामान ठरवायला आला. भाचा मंगेश, वय चौतीस. बाप नाही, माय आहे. काळी जमीन, विहिरीला पाणी, डोक्यावर कर्ज नाही. दारू नाही. सुपारी-तंबाखूचा खर्रासुद्धा खात नाही, आणि आमच्याकडे खर्रा न खाणारा पोरगा कंदील घेऊन शोधावा लागतो. तरी लग्न होत नव्हतं. येणारी प्रत्येक पोरगी विचारे, काय करता? तो म्हणे, शेती करतो. सोता करता का मजूर लावता? तो म्हणे, सोता करतो. झालं. चहा पिऊन पाहुणे उठत.

माल ठेवायला मी टेम्पोत सोबत गेले. आमचा हा नियमच आहे की पाहणीच्या घरी माल एकटा जात नाही, आमचं एक माणूस सोबत राहतं. एकदा एका घरी पाहुणे गेल्याबरोबर आमच्या सोफ्यावर सरकीची पोती टाकली होती, तेव्हापासूनचा नियम. पण अनोळखी बाई घरात दिसली तर पाहुणे विचारतील, म्हणून त्या दिवसापुरतं मला नातं देतात. कुठे शेजारीण, कुठे मावशी, कुठे आईची मैत्रीण. मंगेशच्या घरी मला आत्या केलं.

आम्ही सोफा ओट्यावरून आत घेत होतो तर मंगेश दारातच उभा. म्हणाला, "मामा, हे कायले आणलं? बसाले खाट हाये ना."

मामा म्हणाला, "खाटेवर बसून बसून चौतीस वर्साचा झाला तू. व्हय बाजूले."

"कोणी इचारलं तं काय सांगू?"

"काई इचारलं तं हो म्हनजो. फ्रिज तुमचा का, हो. सोफा तुमचा का, हो. शेतात मजूर जातेत का, हो. खरं बोलून काय भेटलं तुले आजलोक? मायकडं पाह जरा."

त्याची माय चुलीपाशी बसली होती. ठेंगणी, वाळलेली बाई. तिला धड दिसत नव्हतं, पण आमच्या सोफ्यावरून हात फिरवून म्हणाली, "किती मऊ हाये वं माय." मी म्हटलं, बसा ना. ती म्हणाली, "नाई नाई. पाहुण्यायसाठी हाये." मंगेशनं तिच्याकडे पाहिलं आणि मग सोफ्याची दुसरी बाजू स्वतः उचलून आत घेतली.

पाहुणे आले. पोरीचा बाप, काका, आणि पोरगी स्वतः. पूर्वी पोरगी येत नसे, बापेमाणसं पाहून जात. आता येते, आणि बरंच आहे. प्रणाली नाव. अकोल्यात औषधांच्या दुकानात कामाला. ती सोफ्यावर बसली आणि तिनं सोफ्याच्या उजव्या हातावर, जिथे इस्त्रीनं जळाल्याचा डाग आहे, तिथे तळवा ठेवला. मग तो उचलून पाहिला. मग तिनं मान वर करून घरात नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली.

थोड्या वेळानं पाणी प्यायच्या निमित्तानं ती आत आली. मंगेशची माय तेव्हा बाहेर पाहुण्यांजवळ होती. प्रणाली हळूच म्हणाली, "राम राम आत्या."

मी म्हटलं, "राम राम."

"गेल्या महिन्यात बोरगावकडं एका घरी तुमी शेजारीण होत्या ना? इथं आत्या झाल्या का?"

मी म्हटलं, "पुढच्या घरी आजी होईन. पोटासाठी होते माय."

तिला हसू आलं. हसू गेल्यावर म्हणाली, "तिथंबी मी याच डागावर हात ठेवून बसली होती. त्या पोराले इचारलं, सोफा छान हाये, तुमचाच का? तो म्हणे हो, नागपूरहून आणला." मग तिनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे तिचा बाप मोठमोठ्यानं बोलत होता. "मले सोफा नाही पायजे मावशी. खाटेवर बसता येते मले. पण खरं काय न खोटं काय, हे जिंदगीभर तपासत बसाचं, ते नाही जमत. माह्या मायची सारी जिंदगी त्यातच गेली. म्हणून मी या पोरालेबी तेच इचारणार हाये. नाही म्हणाला तं मी घरी जाऊन हो सांगीन."

"शेतात जाते तो," मी म्हटलं. "सोता."

"मले मालूम हाये. जाऊ द्या. मी माह्या नोकरीवर जाईन."

ती बाहेर गेली. मोठी माणसं म्हणाली, पोरापोरीला बोलू द्या, आणि विहीर पाहायला मागच्या अंगणात निघाली. मंगेश पाण्याचे ग्लास घ्यायला आत आला. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. कपाळावर घाम. चार शब्द बोलायचे होते. सोफ्याबद्दल खरं सांग. बस, एवढंच.

मी बोलले नाही.

माझ्या मुलाला पुढे हे सांगितलं तेव्हा तो माझ्यावर चिडला. म्हणाला, तुझ्या चार शब्दांत एका घराचं भलं झालं असतं. असेल. पण तेव्हा माझ्या मनात आलं ते असं, की मी सांगितलं आणि तो खरं बोलला, तर ते खरंही माझ्याच टेम्पोतून आलेलं होईल. सोफा आमचा, पडदा आमचा, आत्या आमची आणि खरेपणाही आमचाच. त्या पोरीनं मग पाहिलं काय? तिला एकच गोष्ट त्या घरची अस्सल पाहायची होती. ती तरी मी भाड्यानं देऊ नये, असं मला वाटलं. आजही तसंच वाटतं. पण त्यानं झोप येते असं नाही.

मी पडद्याआड उभी राहिले. ती म्हणाली, "सोफा चांगला हाये. तुमचाच का?"

त्यानं ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता हा खरं सांगतो. अंगणातून मामाचा आवाज आला. मायचाही आला, ती कोणाला तरी विहिरीचं पाणी किती गोड आहे ते सांगत होती.

"हो," मंगेश म्हणाला.

"कुठून घेतला?"

"इथूनच. अकोल्याहून."

यातलं दुसरं तरी खरं होतं.

पाहुणे गोड बोलून गेले. आम्ही माल टेम्पोत चढवत होतो तेव्हा मंगेशची माय माझा हात धरून म्हणाली, "पसंत केलं असन का वं बाई? पोरगी दोन घास जास्त जेवली." मी म्हटलं, पाहू. चार दिवसांनी नकार आला. कारण कळवलं नव्हतं. नकाराचं कारण कोणी कळवत नाही. मामानं ठरवून टाकलं की पोरगी शहरातली, तिला शेतकरी नको होता.

पावसाळा संपता संपता मंगेश दुकानात आला. सोबत मामा नव्हता. म्हणाला, "मावशी, तो सोफा इकत द्याल का?"

मी म्हटलं, "जुना झाला तो. डाग पडला हाये. त्याच भावात नवा येते."

"नाई. तोच पायजे."

"कायले?"

तो खाली पाहून म्हणाला, "पुढच्या खेपेले कोणी इचारलं, तं हो म्हटलं ते खरं निघालं पायजे. मले खोटं पचत नाही मावशी. त्या दिवशीपासून जेवण गोड लागलं नाही. त्या पोरीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं न, मले समजलं तिले समजलं."

मी सोफा दिला. नेहमी पाहणीला जाणारी ती वस्तू त्या दिवशी पहिल्यांदा राहायला गेली.

या धंद्याचा एक कायदा आहे, की एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही. तो मी एकदाच मोडला. प्रणाली ज्या दुकानात काम करते तिथे मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला जाते. मी तिला सांगितलं, की त्या मंगेशनं सोफा विकत घेतला, आणि कशासाठी घेतला तेही सांगितलं. ती गोळ्यांची पट्टी कापत होती. कात्री थांबली.

"त्याचं झालं नाही का अजून?" तिनं विचारलं.

"नाही. तुझं?"

"नाही."

"मंग जाऊन पाह ना एकदा. आता खरं बोलीन तो."

तिनं उरलेली पट्टी कापून घेतली. मग म्हणाली, "आता तं सोफा त्याचाच हाये मावशी. आता हो म्हटलं तरी तो खरा हाये का खोटा, हे मले कशावरून समजन?" आणि तिनं पट्टी पाकिटात घालून माझ्यापुढे सरकवली. मागे गिऱ्हाईक उभं होतं.

मी पैसे देऊन बाजूला झाले. त्याचं उत्तर चौथी शिकलेल्या बाईला सुचावं असं नव्हतंच, पण मला वाटत नाही की जास्त शिकलेल्यालाही सुचलं असतं.

आताशा पाहणीची कामं कमी झाली. लोक आधी मोबाइलवरच घर दाखवतात. एकानं तर आमचा दुसरा सोफा दुकानातच मांडून, मागे पडदा लावून, तिथूनच मुलीकडच्यांशी बोलून घेतलं. मुलगा म्हणतो, आई, धंदा बदलतो आहे. मी म्हणते, बदलत काही नाही, टेम्पोचं डिझेल वाचतं, एवढंच.

यंदा तुरी निघाल्यावर मंगेशचा फोन आला. माय गेली होती. तेरवीसाठी सामान पाहिजे होतं. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. सतरंज्या, ताटं, दोन मोठे गंज, पाण्याचे ड्रम. मी सवयीनं विचारलं, मोठ्या माणसांना बसायला काही पाठवू का?

"नाई मावशी," तो म्हणाला. "सोफा हाये माह्या घरी."

तेरवीला माल एकटा गेला तरी चालतो, पण मी गेले. या खेपेला मला कोणी आत्या केलं नव्हतं. माणसं खाली सतरंज्यांवर बसली होती. मामाही तिथेच, गुडघे धरून, एकदम म्हातारा दिसत होता. सोफा भिंतीला लागून होता. त्यावर कोणी बसलं नव्हतं. मायचा फोटो तेवढा हार घालून मधोमध ठेवला होता.

मी त्याच्याकडे पाहते आहे हे बघून मंगेश जवळ आला. त्याच्या हातात वाढायचं भांडं होतं. कानाच्या वर केस पांढरे झाले होते.

"एकदाबी बसली नाही मावशी," तो म्हणाला. "लय म्हटलं मी, बस ना माय, आता आपलाच हाये. म्हणे, नाई रे, सुनेसाठी राहू दे. मी बसली तं मळन."

मग त्याला पंगतीतून कोणी हाक मारली आणि तो वाढायला गेला. संध्याकाळी आम्ही माल मोजून टेम्पोत भरला आणि निघालो. सतरंज्यांच्या त्यानं स्वतः घड्या घालून दिल्या होत्या.